छाटणीची तारीख ठरवण्याआधी

जुन्नर तालुक्यातल्या द्राक्ष बागाईतदाराचे अख्खे वर्ष ऑक्टोबर छाटणीच्या तारखेवर तोललेले असते. कोणते औषध कधी मारायचे, संजीवकात घड कितीदा बुडवायचे, हे सांगायला दुकानदारापासून सल्लागारापर्यंत सगळे हजर असतात. तारीख मात्र ज्याची त्यालाच ठरवावी लागते. आणि बहुतेक जण ती ठरवतात मजुरांची टोळी कधी मोकळी होते आणि शेजाऱ्याने कात्री कधी लावली, यावरून. माझे म्हणणे एवढेच आहे की ती तारीख आपल्या शिवारातल्या हवामानावरून ठरवावी, आणि सगळ्या बागेला एकच ठेवू नये. नारायणगाव, वारूळवाडी, गुंजाळवाडी, खोडद, गोळेगाव या पट्ट्यातले जुने बागाईतदार आणि आंबेगावच्या पूर्व भागात नव्याने बाग लावायचा विचार करणारे, अशा दोघांसाठी हे लिहितो आहे.

आधी मुळाचे सांगतो. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये उठते. कधी झोपायचे, कधी उठायचे, हे तिथली थंडी ठरवते. माणसाला त्यात बोलायची सोय नाही. आपण एकोणीस अंश अक्षांशावर आहोत. इथे वेल झोपतच नाही. तशीच सोडली तर वर्षभर वेडीवाकडी फुटत राहील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या छाटणीने त्या काडीवर फळ घ्यायचे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करायचे. म्हणजे वेलीचा ऋतू आपण ठरवतो. त्यामुळे फुलोरा कोणत्या आठवड्यात येणार आणि मण्यात पाणी कधी उतरणार, हेही आपल्याच कात्रीने ठरते. संकट आभाळातून येते हे खरे, पण ते आले तेव्हा घड कोणत्या अवस्थेत असावा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. जगातल्या फार थोड्या द्राक्षपट्ट्यांना ही मुभा आहे.

बाकीच्यांचे हाल पाहिले म्हणजे तिची किंमत कळते. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये नुकत्याच फुटलेल्या कोंबांवर कडाक्याचे हिमतुषार पडले. बागाईतदार रात्ररात्र ओळींमधून मेणाच्या मोठाल्या बत्त्या पेटवून बसले होते, तरी त्या वर्षीचे उत्पादन बरेच घसरले. अर्जेंटिनातल्या मेंडोझाला गारांचा वैताग इतका की तिथे बागांवर जाळ्या पाहायला मिळतात. कॅलिफोर्नियात २०२० साली जंगले पेटली आणि पिकत आलेल्या द्राक्षांच्या सालीत धुराचा वास उतरला. यातले हिमतुषार आणि वणवे आपल्या वाट्याला नाहीत. आपला मुख्य वैरी म्हणजे नको तेव्हा येणारे पाणी. तेही आता दरवर्षी नवी वेळ शोधते आहे.

तालुका एक, पण आभाळ एक नाही

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्याचे ‘सरासरी पर्जन्यमान’ बागेच्या कामाचे नाही. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकर या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले ते याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला. तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला आले की आणे पठारावर किंवा लोणी-धामणीकडे पिण्याच्या पाण्याची मारामार. मधला जो पट्टा आहे, जिथे घाटावरचे पाणी धरणांत अडते आणि डोक्यावर मात्र पाऊस बेताचा पडतो, तीच आपली द्राक्षाची जमीन. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली नसती, तर नारायणगावच्या काळ्या द्राक्षाला आज जे नाव आहे ते नसते.

या पट्ट्यातही दोन-चार किलोमीटरवर फरक पडतो. नदीकाठच्या, मीना किंवा कुकडीच्या कुशीतल्या बागेत सकाळचे दव उशिरापर्यंत टिकते आणि थंड हवा रात्री तिथेच साचते. माळावरची मुरमाड बाग लवकर कोरडी होते. तिथे केवडा (पाने-घडांवरचा बुरशीजन्य रोग) कमी, पण पाण्याचा ताण लवकर. ज्याला नवी बाग लावायची आहे त्याने माती परीक्षणाइतकेच लक्ष याकडे द्यावे. हिवाळ्यात पहाटे शेतात उभे राहा आणि धुके कुठपर्यंत येऊन थांबते ते पाहा. ती रेघ जिथे संपते तिच्या वरच्या अंगाला बाग लावा. ओळी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळेल. वेल मांडवावर चढवायची की वाय आकाराच्या आधारावर, हा वाद जुना आहे. पावसाळी दिवसांत हवा खेळती राहणे आणि फवारा घडापर्यंत पोचणे हा निकष लावला तर माझा कौल वाय पद्धतीला.

हवामान खात्याचा अंदाज तालुक्यापुरता असतो, तुमच्या बांधापुरता नसतो. म्हणून एक साधे पर्जन्यमापक आणि किमान-कमाल तापमान दाखवणारा एक तापमापक बागेत लावाच. एका फवारणीच्या खर्चात दोन्ही येतात. रोज सकाळी आकडे वहीत उतरवायचे. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी ज्याच्याकडे आहेत त्याला सल्लागाराची निम्मी फी वाचवता येते, असे मी गमतीने म्हणतो. पण ते फारसे खोटे नाही.

एप्रिलची कात्री

ऑक्टोबरला घड सुटणार की नाही, याचा निकाल उन्हाळ्यातच लागलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून पुढचे तीन-चार आठवडे डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. या काळात वेलीला लख्ख ऊन आणि ऊब लागते. आभाळ भरून आले, पाऊस लागून राहिला, की त्या डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. ऑक्टोबरमध्ये मग नुसतीच फूट दिसते आणि आपण दोष देतो पेस्टिंगला.

हिशेब करून पाहा. पाच एप्रिलला खरड छाटणी धरली तर चाळिसावा दिवस मेच्या मध्याला येतो. मेअखेरीला धरली, तर तोच काळ जुलैच्या अंधारात जातो. म्हणून आपल्या भागात ही छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. बाजारात माल उशिरापर्यंत ठेवण्याच्या नादात ती मेमध्ये ढकलणे म्हणजे पुढच्या वर्षीचे घड आधीच विकून टाकणे आहे.

२०२५ साली मात्र वेळेवर छाटणाऱ्यांचीही पंचाईत झाली. मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले. मान्सून २६ मे रोजी मुंबईत येऊन धडकला. राज्यभरातल्या द्राक्षपट्ट्यांतून घड कमी निघाल्याच्या तक्रारी आल्या. अशा वर्षी करायचे काय? एक, काडीची गर्दी कमी ठेवायची. वेलीला झेपतील तेवढ्याच काड्या राखून बगलफूट वेळेवर काढली तर जे थोडे ऊन मिळते ते डोळ्यापर्यंत पोचते. दोन, नत्र आवरते घ्यायचे. पाऊस असला की वेल आपणहून वाढीकडे धावते, तिला आणखी युरियाचा रेटा नको. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घ्यायची. प्रयोगशाळेत डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते सांगतात. तो अहवाल हातात असला तर छाटणी सहाव्या डोळ्यावर घ्यायची की नवव्यावर, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. एवढी स्वस्त तपासणी सोडून लोक लाखोंची बाग नशिबावर का सोडतात, हे मला कधी उमगले नाही.

ऑक्टोबरचा पेच

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. छाटणी झाली की दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, मग पोंगा, मग दोडा. पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा येतो. पन्नास-पंचावन्न दिवसांत मणी धरतात. पंच्याहत्तर ते नव्वद दिवसांच्या दरम्यान मण्यात पाणी उतरते, आणि जातीनुसार सव्वाशे-एकशेचाळीस दिवसांना माल तयार. यात तीन नाजूक काळ आहेत. पोंग्यापासून दोड्यापर्यंत केवडा घडच खातो. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज होते. पाणी उतरल्यानंतर पाऊस आला तर मणी तडकतात.

दहा सप्टेंबरची छाटणी घ्या. पोंगा-दोडा परतीच्या पावसात सापडतो, कारण आपल्याकडून मान्सून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हलतो, तोही वेळेवर निघाला तर. फुलोरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पाणी उतरते डिसेंबरच्या तोंडावर, माल जानेवारीत. भाव चांगला, जोखीम मोठी. पंधरा ऑक्टोबरची छाटणी घेतली तर पोंगा कोरड्या दिवसांत निघतो, फुलोरा नोव्हेंबरअखेरीस, पाणी जानेवारीत उतरते, माल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. नोव्हेंबर उजाडल्यावर छाटाल तर पहिली फूट बिनघोर, पण मणी वाढायच्या वेळी थंडी आणि माल मार्चच्या उन्हात. काळ्या जातींना रंग भरायला थंड रात्री लागतात; मार्चच्या झळांत रंग फिका राहतो आणि जंबोसारख्या काळ्या जातीच्या मालाला व्यापारी लगेच बोट लावून दाखवतो.

म्हणून वर्षानुवर्षांचा सल्ला होता की ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा साधा. तो अजूनही वाईट नाही. पण अरबी समुद्राने त्यात पाचर मारली आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला धडकले आणि त्या हंगामात केवड्याने राज्यातल्या बागांची दाणादाण उडवली. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाच्या काळात पाऊस हटता हटेना. २०१७ च्या डिसेंबरात ओखी आले. आणि २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांत पाऊस आणि गारठा असा काही एकत्र आला की जुन्नर-आंबेगावात चरायला आलेल्या मेंढपाळांच्या मेंढ्या जागच्या जागी गारठून मेल्या.

त्या एक डिसेंबरला आपल्या बागांची स्थिती काय असेल, ते वरच्या हिशेबाने पाहा. सप्टेंबरच्या पूर्वार्धातली छाटणी असेल तर मण्यात पाणी उतरत होते, म्हणजे तडकण्याची भीती. पंधरा ऑक्टोबरची असेल तर बाग सत्तेचाळिसाव्या दिवशी, ऐन फुलोऱ्यात किंवा मणी धरताना, म्हणजे गळ आणि कूज. मधली, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली छाटणी असेल, तर मणी हिरवे, टणक, सुपारीच्या खालच्या आकाराचे. त्यांनी तो पाऊस बऱ्यापैकी झेलला असता. पुढच्या वर्षी पाऊस पंधरा नोव्हेंबरला आला तर हेच चित्र उलटे होईल. म्हणजे कोणतीही एक तारीख दरवर्षी सुरक्षित नाही. सुरक्षित काही असेल तर तारखांची विभागणी.

तीन-चार एकर बाग असेल तर तिचे दोन किंवा तीन भाग करा आणि प्रत्येकात पंधरा ते वीस दिवसांचे अंतर ठेवा. पंधरापेक्षा कमी ठेवलेत तर एकाच पावसात दोन्ही भाग एकाच अवस्थेत सापडतात. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, पण टोळीलाही एकदम चार एकरांपेक्षा टप्प्याटप्प्याने काम परवडते. गावातल्या तीन-चार बागाईतदारांनी मिळून टोळीच्या तारखा लावून घेतल्या तर हे जमते. सगळ्यात लवकरचा भाग मुरमाड, उंचावरच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत ठेवा, कारण परतीच्या पावसात ट्रॅक्टर आणि ब्लोअर आत जाऊ शकला पाहिजे. काळ्या जमिनीत चाके रुततात, फवारणी दोन दिवस पुढे जाते, आणि केवड्याला तेवढी मुदत पुरते. एकच एकर असलेल्याने आगाप छाटणीच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आगापची जोखीम ज्याच्याकडे हरायला दुसरा भाग आहे त्यानेच घ्यावी.

पानाच्या मागे काय दिसते

केवडा ओळखण्याबाबत लोक फार घाई करतात किंवा फार उशीर. सकाळी दव असतानाच बागेत फिरा. ओळीच्या टोकाची, सखल जागेतली आणि बांधाच्या झाडाच्या सावलीतली वेल आधी पाहा. रोग तिथून सुरू होतो. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट, अर्धपारदर्शक डाग दिसला की पान उलटा. खाली पांढरी, मिठासारखी बुरशी दिसली तर प्रश्नच मिटला. दिसली नाही, आणि डाग केवड्याचा की जिवाणूजन्य करप्याचा अशी शंका राहिली, तर ते पान तोडून थोडा ओला कागद घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर घरात अंधारात ठेवा. केवडा असेल तर सकाळपर्यंत डागाच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी उगवलेली दिसते. ही परीक्षा फुकट आहे आणि चुकीच्या औषधाचे पैसे वाचवते.

ही बुरशी रात्री, अंधारात आणि ओलाव्यात फळते, म्हणून संध्याकाळचा पाऊस दुपारच्या पावसापेक्षा घातक. दुपारी पडून गेलेल्या सरीनंतर ऊन निघाले तर पाने वाळतात. संध्याकाळी पडला की पान रात्रभर ओले. त्या वेळी पोंगा ते दोडा अवस्था असेल तर सकाळची वाट पाहत बसू नका. घड ओले असतील तर ब्लोअरची नुसती हवा मारून किंवा तारा हलवून आधी पाणी झटका. पाऊस थांबतच नसेल तर बरेच जण भुकटीची धुरळणी करतात, ती अशा वेळी उपयोगी पडते. पण औषध कोणते आणि काढणीआधी किती दिवस ते बंद करायचे, हे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीवरूनच ठरवा. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, त्या धक्क्याची आठवण निर्यातदारांना अजून आहे. घाबरून मारलेली जादा फवारणी पावसापेक्षा महाग पडू शकते.

भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचे उलटे आहे. तिला पाणी लागत नाही. ढगाळ, कोंदट, कोरडे दिवस तिला मानवतात. पाऊस थांबला म्हणून बाग सैल सोडली की आठ-दहा दिवसांत भुरी हजर होते. घडाच्या दांड्यावर बोट फिरवून राखेसारखे काही लागते का, ते पाहत राहा.

तडकणे, गारठा, गारा

मणी तडकतात ते नुसत्या पावसाने नाही. मुळाशी आणि सालीवर एकदम पाणी मिळाले की आतला गर फुगतो आणि सालीला तेवढे ताणवत नाही. साखर लवकर भरावी म्हणून मण्यात पाणी उतरल्यानंतर जे ठिबक जवळजवळ बंद करतात, त्यांची बाग पहिल्याच पावसात सगळ्यात जास्त तडकते. पाणी कमी करा, पण हळूहळू, आणि माती कधीच कोरडीठाक होऊ देऊ नका. ओळींत उसाचे पाचट अंथरलेले असेल तर ओलाव्यातले चढउतार कमी होतात. पावसाचे पाणी ओळींत साचणार नाही असे चर ऑक्टोबरच्या आधीच काढून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली गेला की मण्यांची वाढ थांबते. पांढऱ्या जातींत, थॉमसनमध्ये विशेषतः, मण्यांवर गुलाबी झाक येते आणि निर्यातीला माल बाद होतो. त्यासाठी घडांना कागद लावतात. आपल्याकडे काळ्या जातींचे प्राबल्य असल्याने गुलाबी मण्याचा त्रास निफाडइतका नाही. गारठ्यावर पहाटे विहिरीचे पाणी सोडणे हा साधा उपाय, कारण जमिनीखालचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. पण जुन्नरमध्ये एक पथ्य पाळावे लागते. इथे उसात बिबट्या आहे. माणिकडोहचे बिबट्या निवारण केंद्र उगाच उभे राहिलेले नाही. अंधारात एकट्याने पाणी धरायला जाऊ नका. मोटारीला ऑटो-स्टार्टर आणि टायमर बसवा, ठिबकचे व्हॉल्व्ह घराजवळ घ्या. हा खर्च द्राक्षाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

गारांना मात्र कात्रीची कोणतीच तारीख उत्तर देत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रभर काढणीला आलेल्या बागा झोडपल्या. उपाय म्हणजे प्लास्टिक आच्छादन. त्याने गार, पाऊस, दव तिन्ही अडतात, केवड्याच्या फवारण्या घटतात. खर्च एकरी जवळपास पावणेपाच-पाच लाखांच्या घरात जातो; शासनाने पुणे जिल्ह्यासह काही द्राक्ष जिल्ह्यांत त्यासाठी अनुदानाची प्रायोगिक योजना आखली होती, ती सध्या कोणत्या स्वरूपात चालू आहे याची चौकशी कृषी कार्यालयात करा. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. आच्छादनाखाली ऊन कमी पोचते, म्हणून ते खरड छाटणीनंतरच्या काळात गुंडाळून ठेवता आले पाहिजे. आणि सांगाडा वाऱ्याला टिकला पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पुणे जिल्ह्यातली कितीतरी पॉलिहाऊस उताणी केली. सगळ्या बागेवर घालायची ऐपत नसेल तर सगळ्यात आगाप छाटलेल्या भागावर घाला. तिथेच त्याचे पैसे आधी फिटतात.

वाइनची द्राक्षे लावू का, असे विचारणाऱ्यांसाठी

हा प्रश्न नारायणगावात नवा नाही. शामराव चौगुल्यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथेच फेसाळती वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली. म्हणजे इथल्या हवेत चांगली वाइन होते, हे सिद्ध करायचे बाकी नाही. पुढे कंपनी आर्थिक गर्तेत जाऊन बंद पडली, हेही तितकेच खरे.

हवामानाच्या दृष्टीने पाहायचे तर वाइनच्या जातींचे मणी छोटे आणि घड घट्ट असतात. घट्ट घडात पाणी शिरले की आतून कूज सुरू होते आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उलट, दिसण्याला महत्त्व नसल्याने थोडे डाग, थोडी कमी फुगवण चालून जाते. थंड रात्रींत आम्लता टिकते, मार्चच्या उन्हात ती भराभर उतरते. म्हणून काढणी फेब्रुवारीतच होईल अशी छाटणी धरावी लागते. पिकत आलेल्या बागेशेजारी पाचट पेटवू नका आणि शेकोट्यांचा धूर करू नका. धुराचा वास सालीत बसतो. आणि खरेदीचा लेखी करार हातात पडल्याशिवाय एकही रोप लावू नका. खायच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही तर दुसरा मिळतो, वाइनच्या द्राक्षाला मिळत नाही.

विम्याचे कागद

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत अवेळी पाऊस आणि कमी तापमान यांची भरपाई तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. तुमच्या बागेत किती नुकसान झाले हे त्यात कोणी पाहायला येत नाही. म्हणून ते केंद्र कुठे आहे, तुमच्या शिवारापासून किती लांब आहे, आसपास झाडी-इमारती आहेत का, हे आधी पाहून ठेवा. काही खटकले तर कृषी अधिकाऱ्यांकडे गावाने मिळून हंगामापूर्वीच लेखी तक्रार द्या. पाऊस पडून गेल्यावर कोणी ऐकत नाही. तुमच्या पर्जन्यमापकाची वही विमा कंपनी मानणार नाही, पण केंद्राची नोंद आणि वही यांत सतत तफावत दिसली तर तक्रारीला आधार मिळतो.

गारपिटीचे संरक्षण वेगळे असते आणि त्याचा जादा हप्ता भरावा लागतो. अर्ज करताना तो रकाना सुटलेला नाही ना, ते स्वतः पाहा. गारा पडल्या तर बहात्तर तासांच्या आत कळवावे लागते. पहिल्या दिवशी माणूस सुन्न असतो, दुसऱ्या दिवशी फुटलेले घड काढायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी मुदत संपते. तेव्हा गारा वितळायच्या आत फोटो काढा, त्यात बागेची खूण दिसेल असे पाहा, सूचना देऊन तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि मगच कात्री हातात घ्या. द्राक्षाच्या विम्यासाठी अर्ज करायची मुदत साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्याला संपते, म्हणजे ऐन छाटणीच्या गडबडीत. या वर्षीची अचूक तारीख कृषी सहायकाकडून सप्टेंबरमध्येच विचारून घ्या.